कोर्टाची पायरी, प्रार्थनेची वाट

मराठी ख्रिस्ती माणसांचा इतिहास बाप्तिस्म्याच्या तारखांवरून सांगायची आपल्याला सवय लागली आहे. नारायण शेषाद्री १८४३, बाबा पदमनजी १८५४, पंडिता रमाबाई १८८३, नारायण वामन टिळक १८९५. मिशनच्या अहवालांना या तारखा विजयाच्या वाटल्या, विरोधी वर्तमानपत्रांना नुकसानीच्या. महत्त्व मात्र दोघांनीही तारखेलाच दिले. बाप्तिस्मा एका माणसाचा होतो, घर अनेकांचे असते. तो एकजण पलीकडे गेला की अलीकडे बायको, आई, भाऊ, कडेवरचे मूल असे सगळे राहतात, आणि गेलेल्या माणसाच्या नव्या श्रद्धेत एक जुनीच माया अडकून पडते: मला जे तारण मिळाले ते यांना मिळाले नाही तर काय? या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेने दिलेले उत्तर म्हणजे त्यांच्यासाठी प्रार्थना करणे आणि बाकीचे देवावर सोपवणे. सांगायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रात ही प्रार्थना बराच काळ एकटी चालली नाही. तिच्या एका हाताला कोर्ट होते, दुसऱ्या हाताला कायदा. ते दोन्ही हात तिने सोडले तेव्हा कुठे ‘देवावर भरवसा’ या शब्दांना वजन आले, आणि त्याला अर्धे शतक लागले, असे माझे म्हणणे आहे.

प्रश्न मुळात महाराष्ट्राचा नाही. पहिल्या शतकात करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने त्याला हात घातलेला आहे. विश्वासणाऱ्या नवऱ्याची बायको अविश्वासी असेल आणि ती नांदायला राजी असेल, तर त्याने तिला सोडू नये. बायको विश्वासणारी असेल तर तिलाही तोच नियम. अविश्वासी जोडीदार आपणहून निघून गेला तर मात्र जाऊ द्यावे, बांधून ठेवू नये. शिवाय पौल असेही सुचवतो की आपल्यामुळे जोडीदाराचे तारण होईलच हे कोणाला ठाऊक? उत्तर आफ्रिकेतली मोनिका मुलासाठी वर्षानुवर्षे रडत प्रार्थना करत राहिली आणि इसवी सन ३८७ मध्ये त्या मुलाचा, ऑगस्टीनचा, मिलानमध्ये बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट जगभरच्या ख्रिस्ती आयांना आजही सांगतात. मोनिका धीराची होती, पण निव्वळ वाट पाहणारी नव्हती. ती मुलाच्या मागोमाग समुद्र ओलांडून गेली, त्याच्यासाठी स्थळ बघत राहिली, ओळखीच्या बिशपकडे त्याच्याशी बोला म्हणून लकडा लावला. माया आणि दबाव यांची सरमिसळ या आद्य उदाहरणातच आहे, हे विसरून आपल्याकडच्या माणसांना झोडपण्यात अर्थ नाही.

आता मुंबई. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाच्या बाप्तिस्म्यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि त्याला मिशनऱ्यांकडे राहण्याची मुभा मिळाली. चारच वर्षांनी नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांच्या पाठोपाठ धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींच्या आश्रयाला गेला. तो अल्पवयीन होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलाला त्यांच्या हवाली केले. पुढे त्याला जातीत परत घेण्यावरून ब्राह्मणवर्गात रणे माजली. बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले आणि त्यापायी त्यांनी स्वजातीयांचा रोष ओढवून घेतला. या भांडणात दोन्ही बाजूंना मूल आपल्या ताब्यात हवे होते. प्रार्थना दोन्ही घरांत झाली असेलच, पण निकाल कोर्टाकडून मागितला गेला. नारायण शेषाद्रींच्या आयुष्यात भावाचे हे शल्य राहिले असणार, असा तर्क सहज करता येतो. जालन्याजवळ पुढे त्यांनी ‘बेथेल’ नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली, तिथे कुटुंबेच्या कुटुंबे एकत्र वसवली, ही गोष्ट त्या तर्काच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.

बाबा पदमनजींच्या वेळी प्रश्न पत्नीचा होता. बेळगावचे, कासार समाजातले, ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीच्या आरंभाशी नाव जोडलेले हे गृहस्थ ख्रिस्ती झाले, आणि त्यांची पहिली पत्नी त्यांच्याकडे आली नाही. अशी प्रकरणे देशभर साचत गेली. वरच्या जातींतल्या हिंदू रूढीप्रमाणे बाईला घटस्फोट नाही, ख्रिस्ती नियमाप्रमाणे पुरुषाला दुसरी बायको नाही. म्हणजे ती सधवा असून एकटी आणि तो विवाहित असून एकटा. मिशनऱ्यांनी सरकारकडे कायदा मागितला, आणि हेन्री मेन कायदेमंत्री असताना १८६६ चा एकविसावा कायदा झाला. धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने सोडून राहिला तर धर्मांतरिताने कोर्टात यावे. न्यायाधीशाने जोडीदाराला विचारावे, नांदायला तयार आहेस का. नकार आला तर प्रकरण वर्षभर तहकूब ठेवावे. वर्षाने पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा नकार, की विवाह संपला. फिर्याद आणण्यासाठी पुरुषाचे वय सोळा आणि बाईचे तेरा पूर्ण असले की पुरे होते. या एका आकड्यात त्या काळाचे सगळे वैवाहिक जीवन दिसते.

या कायद्याला निव्वळ जुलमी म्हणणे सोपे आहे, पण योग्य नाही. त्याने बाईला निदान कोणीतरी समोर बसवून ‘तुला काय हवे’ असे विचारले, तेही दोनदा. त्या काळी घरात हा प्रश्न तिला एकदाही विचारला जात नसे. पौलाच्या ‘जाऊ द्यावे’ला त्याने कायद्याची चौकटही दिली. माझा आक्षेप वेगळा आहे. कायद्याने वाट पाहण्याला मुदत घातली. दीड वर्षात मन वळले तर वळले, नाही तर फाइल बंद. श्रद्धेच्या बाबतीत माणसाचे मन किती दिवसांत हलते हे कोणत्याही सरकारला ठाऊक नसते, आणि अशा मुदतीच्या आत केलेली प्रार्थना तारीख पडलेल्या दाव्यासारखीच होऊन बसते.

हा कायदा सगळीकडे पोचतही नव्हता. उदाहरणार्थ, सास्तूर गावाचा परिसर त्याच्या नकाशाबाहेर होता. आजच्या धाराशिव जिल्ह्यातला हा भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात. नळदुर्ग जिल्हा १८५३ च्या तहाने काही काळ इंग्रजांकडे आला, मेडोज टेलर तिथे डेप्युटी कमिशनर होता, आणि १८६० मध्ये तो निजामाला परत गेला. १८६६ चा कायदा आला तेव्हा इंग्रज अंमल उठून गेलेला होता. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते, तिथल्या ख्रिस्ती नवऱ्याला कोर्ट उपलब्ध. पूर्वेला काही कोस चालून संस्थानची हद्द ओलांडली की नाही. हद्दीच्या या बाजूला ज्याचे घर धर्मावरून दुभंगले असेल त्याच्याजवळ दोनच गोष्टी होत्या, नात्यातले मध्यस्थ आणि प्रार्थना. अर्थात हे चित्र शिकलेल्या, वरच्या जातींतल्या एकट्यादुकट्या धर्मांतरिताचे आहे. अहमदनगरच्या खेड्यांत आणि जालन्याकडे महार-मांग समाजातली माणसे ख्रिस्ती झाली ती बहुधा कुटुंबासह, कधी अख्ख्या वस्तीसह. तिथे बाप्तिस्मा घेतलेला भाऊ आणि न घेतलेला भाऊ यांची भिंत एक, गावकीचे काम एक, गावाने बाहेर ठेवलेला पाणवठाही एकच. त्यांना कोणी कोर्टात खेचले नाही, कारण त्यांच्या जाण्याने वरच्या आळीला धक्का बसला नव्हता. त्यांच्या घरांतल्या प्रार्थना कोणी लिहून ठेवल्या नाहीत. मराठी ख्रिस्ती इतिहास वाचताना हे भान ठेवावे लागते, नाही तर चार ब्राह्मण घरांची व्यथा सगळ्या समाजाची म्हणून खपून जाते.

तरीही पुढचे उदाहरण ब्राह्मण घरातलेच घ्यावे लागते, कारण ते सर्वांत नीट नोंदलेले आहे आणि नोंद प्रार्थना करणाऱ्याने केलेली नाही. जिच्यासाठी प्रार्थना झाली तिनेच केली आहे. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, ही कथा प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंना हे कळले तेव्हा त्या नवऱ्याजवळ नव्हत्या. मुलगा दत्तू त्यांच्यापाशी होता. पुढची काही वर्षे त्यांनी नातलगांकडे काढली, त्यांतली बरीचशी पंढरपुरात. पांडुरंगाच्या गावात राहून त्या नवऱ्याच्या परतण्याची वाट पाहत होत्या आणि तिकडे नगरला टिळक त्यांच्या येण्याची. देव निराळे, ध्यास एकच! दोघेही इंग्रजी अमलाखाली, मुंबई इलाख्यात. सहा महिने केव्हाच उलटलेले. १८६६ चा कायदा टिळकांच्या हाताशी होता. त्यांनी तो वापरला नाही. ते पत्रे लिहीत राहिले.

पाचेक वर्षांच्या या काळाचे जे वर्णन ‘स्मृतिचित्रे’त आहे, त्यात टिळक संत म्हणून दिसत नाहीत. ते तापट आहेत, विसराळू आहेत, पैशाच्या बाबतीत बेभरवशाचे आहेत, आणि बायकोला न विचारता एवढा मोठा निर्णय घेऊन बसलेले आहेत. लक्ष्मीबाई हे लपवत नाहीत. मला त्या पुस्तकात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो नंतरचा भाग. त्या नगरला आणि मग राहुरीला नवऱ्याजवळ राहायला गेल्या, पण ख्रिस्ती म्हणून नव्हे. आपले सोवळे, आपला स्वयंपाक सांभाळून त्या एका छपराखाली राहिल्या. टिळकांनी ते चालू दिले. पौलाची अट होती ‘नांदायला राजी असेल तर’. इथे ती अक्षरशः पाळली गेली. पुढे बदल झाला तो धर्मचर्चेतून नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांना एकटीला पडला, त्याचे उत्तर त्यांनी स्वतः शोधले आणि शिवाशीव सोडून दिली. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा, राहुरीतला. टिळकांच्या प्रार्थनेने हे घडवले असे सिद्ध करता येणार नाही, आणि मी तसा दावा करत नाही. सिद्ध होते ते एवढेच की त्यांच्याजवळ दुसरे साधन असताना त्यांनी ते बाजूला ठेवले, आणि त्यामुळे लक्ष्मीबाईंना आपल्या पायांनी चालून येण्याइतकी जागा उरली.

यावर पहिला आक्षेप उघड आहे आणि तो जोरकस आहे. १९०० सालची ब्राह्मण बाई, स्वतःची मिळकत नाही, माहेरचा आधार आटत चाललेला, पदरात मूल. तिला कसली आली मोकळीक? नवऱ्याने कायदा वापरला नाही तरी परिस्थितीने तिला त्याच दाराशी आणून सोडले असते. हे खरे आहे. परिस्थितीचा रेटा नाकारून या घटनेचे सोवळे चित्र काढता येणार नाही. पण परिस्थिती तिला नवऱ्याच्या घरापर्यंत आणत होती, बाप्तिस्म्यापर्यंत नव्हे. घरात आल्यावर पोट भागत होते, मूल बापाजवळ होते, सोवळे शाबूत होते. त्यापुढचे पाऊल टाकायला पोटाचा रेटा शिल्लक नव्हता. आणि त्या पावलानंतरची बाई दबून गेलेली दिसत नाही. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ तिने पुढे नेले, नवऱ्याच्या चुका तिने छापून काढल्या, आणि १९३४ पासून पुढे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या बहुसंख्य हिंदू वाचकांनी तिला आपली लेखिका मानले.

दुसरा आक्षेप रमाबाईंच्या संदर्भात घेतला जातो आणि तो अधिक अवघड आहे. १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा, अट धर्माच्या बाबतीत तटस्थतेची. सल्लागारांत रानडे आणि भांडारकर. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करत, पण दार उघडे ठेवून. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. उघडे दार म्हणजे मोकळीक की जाळे? रमाबाईंची बाजू अशी की मी कोणाला बोलावत नाही, पण माझा धर्म लपवूनही ठेवणार नाही. विरोधकांची बाजू अशी की ज्या विधवा मुलीला जगात दुसरे छप्पर नाही, तिच्यासमोर छप्पर देणारीने गुडघे टेकणे हेच आमंत्रण आहे. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि इथे माझ्या मूळ म्हणण्याला थोडी मुरड घालावी लागते. कोर्ट आणि कायदा बाजूला ठेवला म्हणून प्रार्थनेतला दबाव संपत नाही. तो उपकारातही असतो. पण मग उपाय कोणता? प्रार्थनाच करू नये, हा उपाय नव्हे. शारदा सदन बंद पडले असते तर त्या विधवांचे तारण कोणत्याच अर्थाने झाले नसते.

रमाबाईंनी याचे उत्तर शब्दांत दिले नाही, पण त्यांच्या पुढच्या आयुष्यातली एक गोष्ट बोलकी आहे. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्ती सदनात होत्या. १९०५ च्या आरंभी त्यांनी रोज सकाळी प्रार्थनेचा एक गट सुरू केला. सुरुवातीला सत्तरेक जणी होत्या, जूनपर्यंत संख्या पाचशेंवर गेली आणि त्यातून मुक्तीचे प्रसिद्ध पुनरुज्जीवन घडले. त्या गटाची मागणी काय होती? हिंदुस्थानातल्या सर्व ख्रिस्ती लोकांचे खरे परिवर्तन व्हावे, आणि त्यात आम्हीही आलो. म्हणजे ज्यांच्यासाठी मागायचे त्या यादीत पहिले नाव मागणारीचेच. आपण पोचलो आणि ते राहिले, ही उतरंड त्या मागणीत मोडून पडते. बाहेरच्यांसाठी प्रार्थना करणे म्हणजे त्यांचा अपमान, त्यांना हरवलेले समजणे, असे जे म्हटले जाते, त्याला यापेक्षा चांगले उत्तर मला सापडलेले नाही. अर्थात सगळ्या मंडळ्यांत असेच चालते असे म्हणायचे धाडस कोणी करू नये.

तिसरा आक्षेप इतिहासकाराचा: ज्या प्रार्थना फळल्या त्यांच्या साक्षी छापल्या गेल्या, न फळलेल्यांचे काय? पदमनजींची पहिली पत्नी आली नाही. श्रीपत ज्या जातीत परत नेला गेला त्या जातीने त्याच्यासाठी किती दार उघडले, यावर समकालीनांतच वाद झाले. मोनिकेच्या गोष्टीच्या बाजूला अशा कितीतरी आया असतील ज्यांची मुले कधीच परतली नाहीत आणि ज्यांच्या मुलांनी आत्मचरित्रेही लिहिली नाहीत. प्रार्थनेची परिणामकारकता मोजायला निघालो तर हा आक्षेप निर्णायक आहे. पण मग भरवसा हा शब्दच अनाठायी ठरतो. फळ हमखास मिळणार असेल तर भरवसा कशाला हवा? पौलाने ‘कोणाला ठाऊक’ असे म्हटले ते याच अर्थाने, आणि मिशनच्या अहवालांनी ते वाक्य सोयीस्करपणे मागे टाकले.

कोर्ट, कायदा, उपकार यांच्याइतकेच जुने आणखी एक साधन आहे, भय. सास्तूरच्या परिसरात ते विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास, गणपती विसर्जन करून माणसे झोपलेली असताना, किल्लारी-सास्तूरच्या टापूत दगडमातीची घरे बसली आणि सुमारे १० हजार माणसे गेली. अशा जागी उभे राहून ‘न मानणाऱ्यांवर देवाचा कोप’ असे बोलणारा कोणत्याही धर्मात निघू शकतो. ख्रिस्ती माणसाला मात्र ते बोलण्याची सोय त्याच्याच शास्त्रात नाही. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेल्याचा उल्लेख येतो, आणि ते इतरांहून अधिक पापी होते का या प्रश्नाला येशू स्पष्ट नकार देतो. त्यापुढे पश्चात्तापाचा इशारा आहे, तो गाळून वाचू नये. पण तो जिवंत श्रोत्यांना आहे, मेलेल्यांवरचा शेरा नव्हे. आपल्या अविश्वासी माणसासाठी प्रार्थना करताना त्याच्या डोक्यावर बुरूज धरून उभे राहणे या वचनात बसत नाही. त्या पहाटे भिंतींनी देव्हारा, दर्गा, क्रूस असा भेद केला नव्हता, आणि ढिगारे उपसणाऱ्यांनीही केला नाही.

टिळकांकडे पुन्हा यायचे कारण त्यांचा शेवट. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली: ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही शिष्यांची एकच बिरादरी. ज्या माणसाने पाच वर्षे, आधी दुराव्यात आणि मग घरातल्या सोवळ्याच्या पलीकडून, बायकोची वाट पाहिली, त्यालाच ही कल्पना सुचावी हे मला योगायोग वाटत नाही, जरी तसे त्याने कुठे म्हटले नसले तरी. मिशनमधल्या अनेकांना ती पटली नाही. बाप्तिस्मा न घेतलेला माणूस दरबारात बसणार असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करायची की त्याच्यासोबत, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि टिळकांनी त्याचे शास्त्रशुद्ध उत्तर तयार केले नाही. तेवढा वेळही मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी ते गेले, दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही, आणि मंडळ्यांच्या प्रार्थनेत घरच्या न आलेल्या माणसांची नावे पूर्वीसारखीच घेतली जात राहिली.